लाल ठिपका आणि नवऱ्याचा हात

आमच्या घरातलं काहीही सहज उघडत नाही. लोणच्याची बरणी, बाथरूमचा नळ, सायकलची सीट, सगळं नवऱ्याने एकदा 'नीट' बसवलेलं असतं. जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर आहे आणि कुठला स्क्रू किती आवळायचा हे ठरवणं हेच त्याचं काम. तिथे कोणी अंदाजाने आवळलं तर हा मीटिंग लावतो. घरी मात्र त्याचा अंदाज चालतो, आणि तो कायम "अजून थोडं" असाच असतो.

मी इथल्या नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात जाते. पुण्यात हे सांगितलं की लगेच तिकडे कोथिंबीर मिळते का, असा विषय निघतो. चाळिशी लागली तशी पिस्तुलाच्या टोकावरची नेमाची खूण मला धूसर दिसायला लागली. म्हणून वर बसवायची छोटी काच घेतली. तिच्यातला लाल ठिपका लक्ष्यावर ठेवायचा, बस्स. त्या ठिपक्याच्या जोरावर मला पहिल्यांदाच टीममध्ये घेतलं होतं.

काच बसवायला नवरा क्लबात आला. रिकामं पिस्तूल मी टेबलावर धरलं. जोर मोजून आवळणारा टॉर्क रिंच ठरलेल्या जोराला टक् करून थांबला. त्याने तो बाजूला ठेवला आणि स्क्रू आवळायची साधी किल्ली उचलली.

"सेफ्टी म्हणून थोडं एक्स्ट्रा," तो म्हणाला.

मॅचच्या आदल्या शनिवारी क्लबात ठिपका विझला. सेल काचेच्या खाली असतो, त्यामुळे काच काढल्याशिवाय तो बदलता येत नाही. ही रचना करणाऱ्यालाही मला एकदा भेटायचं आहे. एक स्क्रू कुरकुरत निघाला. दुसऱ्यात किल्ली नुसतीच फिरली आणि स्क्रूच्या डोक्यावरची चांदणीसारखी खाच झिजून गोल झाली.

"कोणी आवळलंय हे एवढं?" नवरा कारखान्यातल्या आवाजात म्हणाला.

सोबत आलेल्या आमच्या मुलीने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "डू, पापा. गेनाऊ डू." तू, बाबा, तूच. जर्मनमध्ये आरोप छान आटोपशीर होतो.

"आल्झो, तर मग ड्रिल करू या," तो म्हणाला.

"माझ्या पिस्तुलाला ड्रिल? हात लावू नकोस!"

स्क्रू तुटला असता तर टीममधली जागा गेली असती. मला रडू येत होतं, आणि ते रागाने येत होतं. क्लबातल्या सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने मी स्क्रू गरम केला, म्हणजे तो सैल होऊ नये म्हणून आत लावलेला गोंद मऊ पडावा. मग थोड्या मोठ्या चांदणीची किल्ली त्या खाचेत हलकेच ठोकून बसवली आणि श्वास रोखून फिरवली. स्क्रू हलला.

निघालेला स्क्रू नवऱ्याने तळहातावर घेतला. मग म्हणाला, "गोळी सुटताना काच उडून तुझ्या डोळ्यात जाईल, अशी भीती वाटायची मला."

माझा अर्धा राग गेला. उरलेल्या अर्ध्यावर मी काम पुढे चालू ठेवलं. नवा सेल, नवे स्क्रू, टॉर्क रिंचचा टक्. साधी किल्ली मी आधीच माझ्या खिशात टाकली होती.

मॅचच्या दिवशी तो मागच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. प्रत्येक गोळीनंतर सगळे माझ्या लक्ष्याकडे बघायचे. फक्त तो काच जागेवर आहे का ते बघायचा.