मोरघारीला दिलेली हाक

बोईसरच्या शाळेत मी हेडसरांपासून रिक्षाच्या हॉर्नपर्यंत सगळ्यांची नक्कल करायचो. गेल्या सुट्टीत पालघरच्या डोंगराकडे मामाच्या पाड्यावर गेलो. तिथे माणसं कमी, म्हणून मी मोरघारीची नक्कल धरली. मोरघार म्हणजे जंगलातली मोठी शिकारी घार, डोक्यावर तुरा असलेली.

मी अंगणातून "की-की-कीऽऽ" केलं की डोंगरावरून तसंच उत्तर यायचं. दुसऱ्या दिवशी ते ओढ्याकडून आलं. तिसऱ्या दिवशी घरामागच्या सागांतून.

"तुला नवरा समजते काय रं ती?" मामी हसली. पण तिच्या एकुलत्या कोंबडीची सात पिल्लं अंगणात होती. "आता पुरे, तिला बोलवू नको," ती म्हणाली.

तरी चौथ्या सकाळी मी ओरडलोच. उत्तर नाही. पुन्हा ओरडलो, तरी नाही.

"गेली ती, मामी. राहू दे पिल्लं बाहेर."

मामीचं हसू मावळलं. "वरडते तवा भ्या नाय. शिकारीला आली की गप होते." तिने कोंबडी-पिल्लं भराभर बांबूच्या डालग्याखाली घातली आणि डालगं दाबून बसली.

तेव्हा मला कळलं, पाड्यावर एकही पाखरू बोलत नव्हतं. मी वर पाहिलं. माझ्याच डोक्यावर, ऐनाच्या झाडाच्या फांदीवर ती बसली होती. तुरा ताठ, डोळे पिवळे. पिल्लांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिच्या हद्दीत ओरडणारं दुसरं कोण, ते बघायला ती आली होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

दुपारपर्यंत मामी डालग्यापासून उठली नाही, आणि मी तोंड उघडलं नाही.