विहिरीच्या पायरीवरून वाचलेलं पुस्तक

शहागडला आमचं घर गोदावरीच्या अलीकडं आणि रान पलीकडं. उन्हाळ्यात वाळूतून चालत जायचं, पावसाळ्यात होडीनं. एका पुरात ती होडी कलंडली. माणसं वाचली, पण माझे वडील, आबा, उलट्या होडीची कड धरून वाहत गेले. खालच्या वळणावर कोळ्यांनी त्यांना ओढून काढलं. अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तेव्हापासून नदीचा आवाज आला की आबांचा श्वास अडकायचा. होडीत पाय ठेवेनात. रानात माय एकटी जाऊ लागली आणि आबा ओसरीवर बसून राहू लागले. दंड बारीक झाले, जरा चाललं की धाप लागायची.

माघातल्या जत्रेत एक पुस्तकवाला बसला होता. तो तेव्हाच्या इंग्रजी हद्दीतून, नगरकडून यायचा. पोथ्या-पंचांगांच्या ढिगात एका पुस्तकावर पाण्यात आडव्या झालेल्या माणसाचं चित्र होतं. आबा त्याच्यापुढं उभे राहिले ते हलेचनात.

"काय लिहिलंय बाई?" त्यांनी मला विचारलं. आबांना अक्षर येत नव्हतं. मी चौथी पास झालेली.

"पोहण्याचा व्यायाम," मी वाचलं.

त्यांनी ते घेतलं. माय म्हणाली, "पुस्तकानं कुठं पोहता येत असतं व्हय?"

संध्याकाळी मी वाचायची, ते ऐकायचे. एकच पान पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. पुस्तकात आधी श्वास सांगितला होता, मग उघड्या हवेत चालणं, मग हातपाय ताणणं. आबा पहाटे उठून शिवारात चालायला लागले. घंगाळात तोंड बुडवून श्वास सोडायला शिकले. पहिल्यांदा तोंड वर काढलं तेव्हा त्यांचे डोळे असे फाटले होते, की मीच रडायला लागले.

चैत्रात आम्ही चुलत्यांच्या विहिरीवर जाऊ लागलो. पायऱ्यांची विहीर, उन्हाळ्यातही पाणी काळंशार. दुपारी मोट सुटली, बैल सावलीला गेले की तिथं कुणी नसायचं. वरच्या दगडी खांबाला दोर बांधायचा, दुसरं टोक आबांच्या कमरेला. मी पाण्यालगतच्या पायरीवर पुस्तक उघडून उभी. मी वाचायचं आणि आबांनी तसं करायचं. मला स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि हातात होता तो नुसता कागद.

"मोठ्यानं वाच," आबा पाण्यातून ओरडायचे. "कानात पाणी जाऊन राह्यलं."

हळूहळू ते तरंगायला लागले. खाटेवर निजल्यासारखं अंग सैल सोडायचं, असं पुस्तकात होतं. ते निजायचे, पण चेहरा भिंतीसारखा पांढरा.

एके दिवशी त्यांनी कमरेचा दोर सोडून पायरीवर टाकला.

"आबा, नको."

"नदीत कोण दोर बांधणार हाय? वाच तू."

मी वाचत होते. ते मधोमध गेले आणि एकदम वाकडे झाले. "पाय..." एवढंच ऐकू आलं. पायात गोळा आला होता. गोळा आल्यावर काय करायचं ते पुस्तकात होतं, मला पक्कं आठवत होतं. मी पानं उलटू लागले. बोटं घामानं ओली, पानं एकमेकांना चिकटत होती. आबांचं डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं.

पुस्तक माझ्या हातातून केव्हा सुटलं ते कळलं नाही. मी दोर उचलून फेकला. तो अलीकडंच पडला. मी पाण्यातल्या पायऱ्या उतरले. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पायाखाली शेवाळ, आणि पुढची पायरी आहे की नाही ते दिसेना. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. दोर पुन्हा फेकला. "आबा, दोर! आबा!" माझा आवाज विहिरीत घुमून माझ्याच अंगावर आला.

दोर ताणला गेला. खांबानं धरून ठेवलं. आबा हातावर हात टाकत आले आणि पायरीवर पालथे पडले. कितीतरी वेळ खोकत राहिले. मी त्यांचा दंड घट्ट धरून बसले होते, सोडवेना.

"मायला सांगू नको," ते शेवटी म्हणाले.

पुस्तक पाण्यावर तरंगत होतं. बांबूनं ओढून काढलं, घराच्या धाब्यावर वाळत घातलं. ते वाळून विटेसारखं झालं, पान उघडेना. मला बरं वाटलं. म्हटलं, सुटले.

दोन दिवसांनी दुपारी आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "चल."

"मी न्हाई येत. पुस्तक तर गेलं. वाचू काय?"

"वाचायचं न्हाई. आज तू उतरायचं. परवा मी बुडालो असतो तर मंग तू बी माझ्यामागं बुडाली असती. दोर बांधतो कमरेला."

मी विहिरीपर्यंत गेले आणि तिथं रडले. आबांनी जबरदस्ती केली नाही, पण विहिरीवरून हललेही नाहीत. शेवटी मी उतरले. दोर हातात घेऊन ते वरच्या पायरीवर बसले आणि बोलू लागले. हनुवटी वर ठेवावी, मान ताठ करू नये, छाती भरून घ्यावी. पुस्तकातलं 'करावे' नि 'ठेवावे' त्यांच्या तोंडी विचित्र लागत होतं, पण एक शब्द चुकत नव्हता. रोज संध्याकाळी ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. माझे कान पाण्याखाली गेले, आवाज लांबून यायला लागला, आणि पाण्यानं मला उचलून धरलं. मी भीतीनं डोळे मिटले नव्हते. वर विहिरीएवढं गोल आभाळ दिसत होतं.

श्रावणात नदी भरली, होडी सुरू झाली. आबा, माय आणि मी तिघं निघालो. आबांनी होडीत पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. नावाडी वल्हं धरून थांबला. मधल्या धारेत होडी हलली तशी आबांनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला.

"भ्या वाटून राह्यलं का?" मी हळूच विचारलं.

"लई," ते म्हणाले. "हात सोडू नको."

पलीकडं उतरल्यावर ते चिखलातच बसले. माय पदरानं त्यांचं तोंड पुसत राहिली. मग उठले आणि बाजरी बघायला रानाकडं चालू लागले.