पोदुममामांचे दोन तळवे

कापडाच्या दुकानात मालकच गिऱ्हाइकाला "आता पुरे" म्हणतो, हे मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं रेशमी साड्यांचं दुकान होतं. आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांकडे पंगतीत वाढपी पुन्हा आला की केळीच्या पानावर दोन्ही तळवे आडवे धरून 'पोदुम' म्हणतात. शब्द तमिळ, अर्थ पुरे. मामा तसेच तळवे साड्यांच्या ढिगावर धरत. बायका हसत, एखादी रागावून उठून जाई. गल्लीने त्यांचं नाव पोदुममामा ठेवलं, आणि तेही त्या नावाला ओ देत.

साडी दाखवण्याआधी ते विचारत, "घरी कपाटात काय आहे?" जुनी साडी विरली असली तरी जरीचा काठ बहुधा शाबूत असतो. तो उसवून नव्या रेशमाला जोडून देत. या कामाचे पैसे मात्र घेत नसत. ही दुरुस्ती, हा काही धंदा नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

माझं त्यांच्याशी पटतही नसे आणि त्यांच्या दुकानाच्या पायरीवरून मला हलवतही नसे. आमच्या घरात पंचांगापेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. उन्हाळा दरवर्षी अधिक भाजतो आहे, कावेरीचं पाणी कधी वेळेवर येत नाही, आणि याचा जाब मोठ्या कारखानदारांना विचारायचा सोडून सामान्य माणसाला काटकसर शिकवणं ही फसवणूक आहे, असं एक जळजळीत पत्रक मी लिहिलं. मामांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"खरं लिहिलंयस, अम्मा," ते म्हणाले. "कारखान्यांना तू विचार. या गादीवर मी बसतो, इथलं मी बघतो." मग माझ्या मांडीवरच्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहून त्यांनी त्यावर हळूच दोन्ही तळवे ठेवले.

त्यांची मुलगी तुळजा त्यांच्याबरोबर दुकान पाही. हमरस्त्यावर काचेची, थंडगार शोरूम उघडली आणि गल्लीतली वर्दळ आटली. तिथेच नव्या इमारतीत एक गाळा तुळजाला मिळत होता, बँकही कर्ज द्यायला तयार होती. मामा नाही म्हणाले. तेव्हा ती माझ्यासमोरच शांतपणे बोलली, "अप्पा, तुम्ही सगळ्यांना पोदुम म्हणता. पण आपल्याला पुरत नाही."

मामांनी उलगडलेली साडी पुन्हा घडी करायला घेतली. ती नीट बसेना.

त्या वर्षी पापनाशम गावाकडचं कापणीला आलेलं भात अवकाळी पावसात आडवं झालं. लग्न मात्र ठरलेलं होतं, म्हणून तिकडची एक बाई मुलीला घेऊन आली. सासरच्या सगळ्या बायकांना रेशमी साड्या द्यायच्या, नाहीतर लोक काय म्हणतील, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मुहूर्ताची साडी घेऊन झाली आणि मामांचे तळवे ढिगावर आले. त्यांनी त्या बाईच्या स्वतःच्या लग्नातली साडी मागवून घेतली, काठ नव्या रेशमाला जोडला, आणि तीच विहिणीला द्या म्हणाले. पुढच्या आठवड्यात ती बाई नणंदेची जुनी साडी काठ जोडायला घेऊन आली, नंतर तिची शेजारीण आली.

तुळजा हे पाहत होती. एका सकाळी तिने विचारलं, "अप्पा, लोक ज्यासाठी येतात तेच तुम्ही फुकट का देता?"

मामा हातातला काठ उसवत राहिले. उभा जन्म जास्त विकायला नकार देणाऱ्या या माणसालाही विकणं म्हणजेच धंदा असं वाटत होतं. तुळजाने दारावर तमिळमध्ये पाटी लावली: जुने काठ नव्या साडीला जोडून मिळतील. मजुरी ठरवली, काठ उसवायला दोन बायका बसवल्या. दुकान गल्लीतच राहिलं आणि घर चालू लागलं. मामा गिऱ्हाइकांना पाटी बोटाने दाखवत आणि म्हणत, "मालकिणीला विचारा."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तेराव्याच्या पंगतीत वाढपी पायसमची खीर घेऊन आला. आम्ही सगळ्यांनी पानावर तळवे धरले, पण तो शब्द कुणालाच उच्चारवेना. वाढपी गोंधळून पळी धरून उभाच राहिला. तुळजा आतून आली, तिने आमच्याकडे पाहिलं.

"म्हणा की," ती म्हणाली. "नाहीतर तो वाढतच राहील."