मारोतीचा अर्ज

मारोती गेल्याची बातमी मला कचेरीच्या फोनवर कळली. त्याच्या मुलीचा आवाज होता, "काका, बाबा गेले..." सव्वा महिना झाला, अजूनही धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

अकरा वर्षं आम्ही शेजारी बसून कारकुनी केली, एका डब्यातून जेवलो. वहिनींच्या हातचा झणझणीत झुणका आणायचा आणि माझ्या नाका-डोळ्यांतून पाणी यायला लागलं की पोट धरून हसायचा. व्यसन म्हणाल तर चहाचं. होळीला भांगेचा पेला पुढे आला की हा गुपचूप महाल भागातल्या आपल्या घरी सटकायचा. अशा माणसाचं पोट एका उन्हाळ्यात घागरीसारखं फुगलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, जुन्या काविळीनं यकृत निकामी केलंय. मग दर पंधरवड्याला पोटातलं पाणी काढणं, सलाईनच्या बाटल्या, महागडी इंजेक्शनं, आणि त्यात बिनपगारी रजा.

आमच्या कर्मचाऱ्यांचा मदत निधी आहे, मी त्याचा चिटणीस. मारोतीचा अर्ज आला तसं बैठकीत कुणीतरी बोललं, "लिव्हर म्हंजे दारूच, दुसरं काय?" दारूच्या आजाराला मदत द्यायची नाही, हा आमचा नियम. आणि मी, मूर्खासारखा, गप्प बसलो! वरून मारोतीच्या घरी जाऊन म्हणालो, दारू पीत नाहीस असं डॉक्टरांकडून लिहून आण.

तो खाटेवर उठून बसला. "काहून गा? अकरा वर्षं संग जेवलो आपण. तूच लिहून दे ना."

"नियम आहे, मारोती."

"असू दे मग," तो म्हणाला आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं अर्ज परत मागवला. सक्करदऱ्याला घरासाठी घेतलेला प्लॉट विकला, मग वहिनींच्या पाटल्या. तेवढ्यावर दीड वर्ष निघालं. शेवटी शेवटी तो पाणी काढायला जायचंच टाळायचा. "बरं वाटून राहिलं मले," म्हणायचा. साफ खोटं होतं ते. पोरीच्या लग्नाचे पैसे त्याला मोडायचे नव्हते.

गेल्या आठवड्यात आमच्या शिपायाचा अर्ज आला, त्याच आजाराचा. तो पितो की नाही, मला माहीत नाही. मी म्हणालो, "याची जबाबदारी माझी." कुणी हूं की चूं केलं नाही, पाच मिनिटांत मंजूर. शिपाई हात जोडून उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. एवढंच बोलायचं होतं गा मारोती... अन् ते मी तुझ्यासाठी बोललो नाही.