अंगी लागलेली गोळी

आबांचा उजवा हात गेला त्या वर्षी पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता. आबा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म दौलताबादच्या किल्ल्याखाली मेंढरांमागं गेला. चारा संपला तशी त्यांनी मेंढरं विकली आणि शहरात माझ्याकडं राहायला आले. आमची कॉलनी शहराबाहेरच्या जुन्या माळावर वसलेली, नवीकोरी, रस्त्याला नाव नाय, पाण्याला टँकर. आल्या दिवशी त्यांनी घरभर फिरून बघितलं आणि म्हणाले, "इथं माझी मेंढरं बसायची. ऐन बसायच्या जागी तुम्ही बाथरूम बांधलं व्हय?"

मग एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि उजवी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत राहिली. माझीही त्यांच्याच वळणाची असल्यानं आमच्या घरात दिवसभर आवाज असायचा.

पाय हळूहळू चालता झाला. हात काय येईना. मूठ वळलेली ती वळलेलीच. आणि डाव्या हातानं जेवणार नाय, हा आबांचा हट्ट. मग मी भरवायची, तेही दार लावून. कुणी आलं की ताट पलंगाखाली सरकवायचं.

अशात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. आबा म्हणाले, "मी येत नाय. व्याह्यांच्या पंगतीत डाव्या हातानं जेवू, का लेकीकडून भरवून घेऊ?" लेक म्हणाली, "आजोबा नसतील तर मी बोहल्यावर चढत नाय." एकानं मला वाढवलं, दुसरीला मी वाढवलं, हट्टाला घरात काय तोटा. मला मात्र रात्रंदिवस घोर लागला होता. आबांवाचून लग्न माझ्याही घशाखाली उतरत नव्हतं.

त्याच सुमारास डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली. मेंदूतल्या तंतूंना नव्यानं वाढायला मदत करते, म्हणाले. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि गोळी पोटात गेली की लगेच व्यायाम पाहिजे, नुसत्या गोळीचा उपयोग नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही बापलेकींनी त्यातलं 'वाढ' तेवढं ऐकलं.

वाढीच्या औषधातलं आबांना लई कळत होतं. कोकरांना टॉनिक पाजण्यात हयात गेलेली. टॉनिक पाजलं की कोकरू पळू द्यायचं नाय, कोंडून ठेवायचं, म्हणजे ते अंगी लागतं. त्याच हिशेबानं गोळी गिळली की आबा हात उशीवर ठेवायचे, वर चादर ओढायचे आणि डोळे मिटून पडायचे. "अंगी लागू दे," म्हणायचे. मीही पहारा द्यायची, घरात कुजबुजूनच बोलायची. त्या सवयीनं टँकरच्या रांगेतही इतकी हळू बोलायला लागले, की शेजारीण विचारायला आली, तब्येत बरी आहे ना म्हणून.

व्यायाम घ्यायला एक मॅडम घरी यायच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. आत्ताच गोळी घेतलीय, उद्या या, असं सांगून आम्ही त्यांना दारातूनच वाटेला लावायचो. एक दिवस त्या हटल्याच नाहीत. आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, माळावर पायवाट कशी पडते?"

"रोज त्याच अंगानं मेंढरं गेली की पडते," आबा म्हणाले.

"मग गोळी घेऊन मेंढरं कोंडून काय ठेवता?"

आबांनी चादर बाजूला सारली. त्यांनी कुणाचं ऐकलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मला लई बरं वाटलं.

त्या दिवसापासून गोळी गिळली की हात कामाला. ओलं फडकं पिळायचं, मुरमुरे उचलायचे, वाटी सरकवायची. फडक्याचं पाणी वाया घालवायची सोय नव्हती, त्यावर आमचा कढीपत्ता जगला. आबा स्वतःच्या बोटांना मेंढरांसारखे हाकारे घालायचे, शिव्याही द्यायचे. करंगळी कायम मागं राहायची, तिचं नाव भटकी पडलं. बोटं मिटायला लागली, मुरमुरा चिमटीत आला, एक दिवस तोंडापर्यंतही पोचला. पण मॅडम म्हणायच्या, "आता पंजा उघडा, सपाट करा," ते काही जमेना. ही किमया गोळीची का मुरमुऱ्यांची, ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही.

"घास तोंडात जातोय ना?" आबा म्हणाले. "मग येतो लग्नाला. सांडलं तर सांडलं."

लग्न वेरूळच्या बाजूला, व्याह्यांच्या दारात होतं. भांडी घासायला पाणी नाय म्हणून पंगतीला सगळं कागदी. आबांना खुर्ची-टेबल दिलं, शेजारी व्याही बसले. आबांनी उजव्या हातानं वरणभाताचा घास गोळा केला. अर्धा धोतरावर पडला, अर्धा तोंडात गेला. व्याही भला माणूस, आपल्या पत्रावळीतून मान वर करीना. मी मठ्ठ्याचा जग घेऊन मागं उभी होते. एकेक घास वर जाताना माझाच जीव टांगणीला लागत होता.

तेवढ्यात बुंदीची बादली घेऊन वाढपी आला. "घ्या आजोबा, लाजू नका," म्हणत त्यानं डाव पुढं केला. आणि आबांचा उजवा हात पत्रावळीवर आडवा झाला. पंजा सपाट, पाचही बोटं उघडी, भटकीसुद्धा. पंगतीत नको म्हणायला माणूस करतो, तसा.

वाढपी पुढं निघून गेला. आबा त्या हाताकडं बघत राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण जग काही मी खाली ठेवला नाय.

मग त्यांनी मान वळवून मला जवळ बोलावलं.

"माय, त्याला परत बोलाव. मला बुंदी पाहिजे होती," ते म्हणाले. "हा आपला आपणच पुढं झाला. मला इचारलं बी नाय."