मान वाकडी

काकांना घरात सगळे 'हलू नका' म्हणतात. हे नाव ठेवलं बाबांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने. काका हॉस्पिटलात मेंदूचे सीटी स्कॅन काढतात आणि सव्वीस वर्षं काचेआडून माइकवर हेच दोन शब्द सांगत आले आहेत. एरवी मिठाची गुळणी धरलेला माणूस. दोघा भावांच्या वाट्याचं बोलणं बाबाच उरकायचे. ते कापडाच्या दुकानात सेल्समन होते. रुमाल घ्यायला आलेला माणूस त्यांच्या तावडीतून पडद्यांचं कापड घेऊनच सुटायचा.

काकांचा एकच हट्ट: डोकं सरळ हवं. तीन वर्षांपूर्वी तिथे नवा प्रोग्रॅम आला. तो मेंदूच्या दोन्ही बाजू ताडून पाहतो आणि माणसाच्या नजरेतून सुटेल असा, नुकताच सुरू झालेला पक्षाघात वाटला तर तिथे लाल चौकोन काढतो आणि थेट डॉक्टरांचा फोन वाजवतो. पण डोकं तिरकं असेल तर बाजू जुळत नाहीत आणि तो उगाच बोंब मारतो. म्हणून आधी टेक्निशियनला विचारतो, स्कॅन नीट आहे का? 'मान वाकडी' हे बटण दाबलं की डॉक्टरांचा फोन वाजत नाही, स्कॅन रांगेत जातो. बाकीचे ते येता-जाता दाबायचे. काका डाफरायचे, "पुन्हा काढा की! हात झिजतात का?"

त्या रविवारी जेवताना बाबा पाण्याऐवजी म्हणाले, "जरा कात्री दे." आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी. काका तेवढे भरल्या ताटावरून उठले आणि बाबांना गाडीत घालून निघाले. मीही बसले. पोचेपर्यंत बाबांचं बोलणं रुळावर आलं होतं. "सुट्टीच्या दिवशीही गिऱ्हाईक शोधतोस होय रे?" ते काकांना म्हणाले.

ड्यूटीवरच्या बाईंना बाजूला करून काकांनीच स्कॅन काढला. बाबांची मान आखडली होती. "दुखतंय रे, राहू दे तशीच." आणि काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, राहू दिली.

डाव्या बाजूला लाल चौकोन उमटला. मी काचेआड त्यांच्या शेजारीच होते.

"हे काय?"

"मानेमुळे. काही नाही."

आतून बाबा ओरडत होते, "सोड मला, गुदमरतंय!" त्यांना पुन्हा मशीनच्या त्या कड्यात घालायचं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी 'मान वाकडी' दाबलं. परका माणूस असता तर त्यांनी मुकाट्याने दुसरा स्कॅन काढला असता, याची मला खात्री आहे.

डॉक्टरांनी रांगेतला तो स्कॅन दोन तासांनी पाहिला. तोवर बाबा बाहेर बाकावर माझ्या खांद्याला टेकून होते. मला वाटलं, डुलकी लागली. औषध मिळालं, पण उशिरा. लुळा पडलेला हात सुधारला, वाचा गेली.

मी काकांना नाही नाही ते बोलले. "जगाला शहाणपण शिकवता, आणि सख्ख्या भावाच्या वेळी?" माझं स्वतःचं हसू आणि ती डुलकी झाकायला मी ओरडत होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

आठ महिने झाले. काका रोज येतात, दाराजवळच्या खुर्चीवर चपलांसकट टेकतात. बाबांच्या तोंडून नुसतं "अं, अं" निघतं. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई चित्रं दाखवून थकल्या.

काल काका म्हणाले, "दादा, मी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये बदली मागितली. माझ्या हातात ते बटण नको आता. आणि रोज येऊन तुला त्रासही देणार नाही." ते उठले.

बाबांनी त्यांची बाही धरली. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या.

"हलू... नको."

काका मटकन खाली बसले. मला काकांची माफी मागायची होती. मी आत जाऊन चहा टाकला.