फुटलेला मॉनिटर आणि वैशालीचं मनगट

मंडळी, घाईघाईत लिहिते.

निवृत्तीनंतर मी मूल गावातल्या एका क्लासात संगणकावरचा हिशोब शिकतेय. सोबत शिकते एका राईस मिलवाल्याची सून, वैशाली.

आज तिनं सरावासाठी मिलमधला धानाचा साठा संगणकात भरला आणि दिरानं परस्पर विकलेली पोती उघडी पडली. दीर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन क्लासात घुसला. "मले चोर ठरवून राह्यली का?" म्हणत त्यानं आधी मॉनिटर फोडला, मग तिचं मनगट. "आता दाखव माह्या बुढ्याले हिशोब!"

तो गेल्यावर वैशाली कण्हत म्हणाली, "बाई, त्याले वाटते हिशोब काचेत रायते. तो तं खालच्या डब्यात, सीपीयूत आहे."

प्लास्टर घालून तिला माझ्या घरी आणलंय, तो डबाही आणलाय. सासरा दार बडवतोय, "घरची गोष्ट आहे बाई. डबा द्या, सून द्या!"

क्रम बघा मेल्याचा! मी कडी काढणार नाही. तुम्ही काढली असती?